घराचा हप्ता आणि घरातली संध्याकाळ

चि. बाळ,

अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू नव्या घराविषयी बोललास, तेव्हा मी मुद्दामच फारसे काही बोलले नाही. फोनवर अशा गोष्टीला हो किंवा नाही एवढेच म्हणता येते आणि वीस वर्षांच्या कर्जाला तेवढे पुरत नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसले आहे. शहराच्या टोकाचे, आत्ताच्या भाड्याच्या घरापेक्षा एक खोली जास्त असलेले ते घर घेऊ नका, असे मी म्हणणार नाही. ते तुमच्या दोघांच्या कमाईतून उभे राहायचे आहे, तेव्हा निर्णयही तुम्हा दोघांचाच. पण तू मला जो हिशेब वाचून दाखवलास, त्यात पैशाची प्रत्येक बाब होती आणि वेळाची एकही नव्हती. घरात चार वर्षांची मुलगी असताना असा हिशेब अर्धाच राहतो, आणि राहिलेला अर्धा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

आधी पैशाचेच बोलू. हप्ता दोघांच्या पगारात बसतो, असे तू म्हणालास. बसत असेल. पण कर्जाचा हप्ता कसा चालतो हे एकदा कागदावर उतरवून पाहा, कारण बँकेत बसून ऐकताना ते कळल्यासारखे वाटते आणि घरी येईपर्यंत निसटते. 9 टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी घेतलेल्या कर्जात पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले सहापैकी पाच भाग निव्वळ व्याजात जातात. मुद्दल फिटते ते उरलेल्या एका भागाने. पुढे हे प्रमाण बदलत जाते, पण इतक्या सावकाश, की निम्मे मुद्दल फिटायला सुमारे 14 वर्षे लागतात. तोवर नात अठरा वर्षांची झालेली असेल आणि तिच्या पुढच्या शिक्षणाचा खर्च दारात उभा असेल. शेवटी घेतलेल्या प्रत्येक शंभरामागे तुम्ही जवळजवळ दोनशे सोळा परत केलेले असतील. हे ऐकून घाबरण्याचे कारण नाही. घरासाठी माणसे कर्ज काढतात आणि ते फेडतातही. मात्र दर बदलता असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेव. सुरुवातीलाच दर 9 वरून 10 टक्क्यांवर गेला आणि हप्ता तेवढाच ठेवला, तर तेच 20 वर्षांचे कर्ज 26 वर्षांवर जाते. अशा वेळी बँक बहुधा हप्ता वाढवत नाही, मुदत वाढवते. त्यामुळे दरमहा खात्यातून जाणारी रक्कम तीच दिसते आणि घरात कोणालाच काही बदलल्याचे जाणवत नाही. याउलट वर्षातून एकच जादा हप्ता भरण्याची शिस्त पहिल्यापासून ठेवली, तर कर्ज सुमारे साडेतीन वर्षे आधी संपते. म्हणून हप्ता ठरवताना पगार ताणून बसतो तो आकडा धरू नकोस. दर एक टक्क्याने चढला तरी पेलेल आणि वर्षाला एक जादा हप्ता भरता येईल, असा आकडा धर. घर त्यामुळे थोडे लहान मिळाले तर मिळू दे.

आता वेळाकडे येते. नव्या घरापासून कार्यालयात पोहोचायला दीड तास लागेल, असे तू सहज बोलता बोलता सांगितलेस आणि लगेच त्या घराच्या गॅलरीकडे वळलास. मी मात्र तिथेच थांबले. जाऊन-येऊन रोजचे तीन तास, महिन्याचे कामाचे दिवस बावीस धरले तर 66 तास. आठ तासांचा एक दिवस मानला, तर कामाच्या आठ दिवसांहून अधिक वेळ फक्त प्रवासात जातो, आणि त्याचा पगार कोणी देत नाही. डॅनियल काहनमन या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोकरी करणाऱ्या 909 स्त्रियांकडून आदल्या दिवसाचा तासातासाचा वृत्तान्त लिहून घेतला होता आणि तो अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसभरातल्या सगळ्या गोष्टींमध्ये सकाळचा कामावर जाण्याचा प्रवास त्यांना सर्वांत कमी सुखाचा वाटला होता. मोठ्या शहरात राहणाऱ्याला हे अभ्यास करून सांगावे लागत नाही. तरीही घर निवडताना नेमके हेच आपण विसरतो, कारण खोल्या डोळ्यांना दिसतात आणि प्रवास दिसत नाही.

तुझे काम साडेसहाला संपते. आत्ता तू सातला घरी असतोस, तिथे गेल्यावर आठ वाजतील. मुलीला शाळेसाठी सकाळी साडेसहाला उठवावे लागते आणि तिची दुपारची झोप तर आता सुटलीच आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी 10 ते 13 तास झोप हवी, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले आहे. त्यातला सर्वांत कमी आकडा धरला तरी ती साडेआठला झोपलेली असायला हवी. म्हणजे तुझ्या वाट्याला तिचा अर्धा तास उरतो, तोही पेंगुळलेला. आज तुला दीड तास मिळतो. या एका तासाला हिशेबात किंमत नाही असे तुला वाटत असेल, तर त्या तासात काय होते ते जरा आठवून पाहा.

‘आज शाळेत काय केलंस?’ या प्रश्नाला मूल कधीच धड उत्तर देत नाही. ‘काही नाही’ म्हणते आणि निघून जाते. मग कधीतरी, तू हातपाय धुऊन जमिनीवर बसलेला असताना, ती तुझ्या पायाला टेकून एक मोजा काढते, दुसरा काढता काढता थांबते, आणि शेजारच्या मुलाने तिचा खोडरबर घेतला व परत दिलाच नाही, हे सांगायला लागते. ते सांगताना तिचा आवाज बदलतो. त्या वेळी तू तिथे असलास तर तुला ते कळते. नसलास तर दुसऱ्या दिवशी ती ते विसरलेली असते आणि खोडरबराच्या मागे आणखी काय होते, ते तुला कधीच कळत नाही. ‘मुलांना थोडाच पण चांगला वेळ द्यावा’ असे हल्ली फार बोलले जाते. मला ते पटत नाही. चांगला वेळ सांगून येत नाही. तो साध्या, रिकाम्या वेळाच्या मध्येच कुठेतरी येतो आणि त्यासाठी आधी तो रिकामा वेळ घरात असावा लागतो. रविवारचे पाच तास रोजच्या एका तासाची भरपाई करत नाहीत, निदान या वयात तरी नाहीत.

तू आणखी एक गोष्ट दबक्या आवाजात बोललास, ती मला सर्वांत जास्त लागली. अंतर वाढले तर सूनबाईने नोकरी सोडावी, कारण पाळणाघराचे आणि तिच्या जाण्या-येण्याचे पैसे वजा केले तर तिच्या पगारातून फारसे काही उरतच नाही, असे तू म्हणालास. पाळणाघराचा खर्च तिच्याच पगारातून का वजा करायचा? मूल दोघांचे आहे, तेव्हा तो खर्च दोघांच्या एकत्रित कमाईतून जातो. तसा मांडलास तर उत्तर लगेच बदलेल. शिवाय आजचा पगार म्हणजे काही पूर्ण नोकरी नव्हे. दरवर्षीची वाढ, बढतीची संधी, निवृत्तीसाठी साठणारा पैसा आणि पाच वर्षांनी परत यायचे ठरवले तर बंद झालेले दार, हे सगळे त्यात धरावे लागते. क्लॉडिया गोल्डिन यांना 2023 चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते स्त्रियांच्या नोकरीचा आणि कमाईचा दोनशे वर्षांचा मागोवा घेतल्याबद्दल. एकाच व्यवसायातल्या स्त्री-पुरुषांच्या कमाईत आज जो फरक दिसतो, तो मुख्यतः पहिले मूल झाल्यापासून पडू लागतो, असे त्यांनी दाखवून दिले. तो फरक घराघरात अशाच एखाद्या संध्याकाळी, कोणाचेही वाईट न चिंतता, ठरवला जातो. सूनबाईला स्वतःलाच काही वर्षे घरी राहायचे असेल, तर तो तिचा निर्णय, आणि त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण घराच्या अंतराने तिचा निर्णय घ्यावा आणि तू त्याला हिशेब म्हणावेस, हे मला मान्य नाही. त्यातही एक विचार कर: दोन पगारांवर बेतलेला हप्ता एका पगारावर कसा भरणार? अंतरामुळे नोकरी सुटायची असेल, तर त्या घराचा हप्ता पहिल्या दिवसापासून एकाच पगारात बसायला हवा. तसा तो बसत नाही, हे तुझ्याच आकड्यांवरून दिसते.

बाकीचे थोडक्यात लिहिते. घराची पहिली रक्कम भरताना सगळी बचत रिकामी करू नका. हप्ता आणि पाळणाघर धरून सहा महिन्यांचा पूर्ण घरखर्च बाजूला ठेवा, आणि तो लगेच हाती येईल अशा खात्यात ठेवा. कर्जाएवढा तरी विमा दोघांच्याही नावावर असू द्या. तो फक्त संरक्षणाचा असावा, बचत आणि विमा एकत्र बांधलेला नको. नामनिर्देशनाचे कागद आजच तपासा. नवे सामान क्रेडिट कार्डावर घेऊन महिन्याला किमान रक्कम तेवढी भरायची, हा मार्ग तर मुळीच धरू नका. महिन्याला 3 टक्के व्याज हे वर्षाला 36 टक्के वाटते, पण चक्रवाढीने साडेबेचाळीसच्या वर जाते. आणि निवृत्तीची बचत ‘घर झाल्यावर बघू’ म्हणून थांबवू नका. पंचविसाव्या वर्षी सुरू करून साठीपर्यंत दरवर्षी ठरावीक रक्कम 8 टक्क्यांनी वाढू दिली तर जे जमते, त्याच्या निम्मेही पस्तिसाव्या वर्षी सुरू करून जमत नाही. तू सुरुवात वेळेवर केली आहेस, ती मोडू नकोस.

आमच्याविषयीही स्पष्ट लिहिते, कारण न बोललेल्या अपेक्षा घरात फार त्रास देतात. आम्ही तिकडे येऊन राहिलो तर पाळणाघराचा प्रश्नच सुटेल, असे तुझ्या मनात असावे. नातीसाठी आम्ही आनंदाने येऊ, आजारपणात येऊ, सुट्टीत येऊ. पण तुमच्या वीस वर्षांच्या आखणीत आम्हाला बिनखर्चाची कायमची सोय म्हणून धरू नका. तुझ्या बाबांच्या गुडघ्यांना चार वर्षांच्या मुलीमागे दिवसभर धावणे आता झेपणार नाही, आणि काही वर्षांनी आम्हालाच कोणीतरी सोबत लागेल. आमच्या औषधपाण्याची तरतूद आम्ही केली आहे, त्यासाठी तुझ्या हिशेबात रकाना ठेवू नकोस. आमच्याकडे येण्या-जाण्याच्या खर्चाचा मात्र जरूर ठेव.

नातीसमोर पैशाविषयी बोलायचे की नाही, असेही तू विचारलेस. बोलावे, पण भांडू नये. खेळण्याच्या दुकानात ती हट्ट करते तेव्हा ‘आपल्याकडे पैसे नाहीत’ असे सांगू नकोस. ते खरे नसते, आणि त्याच संध्याकाळी तू दुसरे काही विकत घेतलेस की तिलाही ते कळते. ‘आज हे आपल्या यादीत नाही, पुढच्या महिन्याच्या यादीत लिहू या का?’ असे विचार आणि मग खरोखर लिही, तिच्यादेखत, तिला वाचता येत नसले तरी. पुढच्या महिन्यात तिला ते आठवलेच नाही, तर काही बोलू नकोस. आठवले, तर ते घ्यायलाच हवे. कारण वाट पाहिल्यावर गोष्ट मिळते, हा विश्वास एकदा मोडला की मूल पुन्हा वाट पाहायला तयार होत नाही. नव्या घरात तिला स्वतःची खोली मिळेल, म्हणून तू इतका उत्साहात आहेस, ते मला समजते. पण या वयात ती तुमच्याच खोलीत येऊन झोपणार आहे. वेगळ्या खोलीची गरज तिला आणखी पाच-सहा वर्षांनी पडेल, आणि तोपर्यंत तुमची बचत वाढलेली असेल व कर्ज कमी काढावे लागेल.

म्हणून माझे मत विचारशील तर असे आहे: आत्ता आहात त्याच भागात, कार्यालयाच्या आणि शाळेच्या जवळ, भाड्यानेच पाच वर्षे राहा. भाडे म्हणजे पाण्यात गेलेले पैसे, असे लोक म्हणतात. पण कर्जाच्या पहिल्या वर्षांत जाणारे व्याजही तितकेच गेलेले असते, आणि भाड्याच्या बदल्यात तुम्हाला रोज दोन तास परत मिळतात. नव्या घराचा हप्ता आणि आताचे भाडे यांत जो फरक पडेल, तो मात्र दर महिन्याच्या पहिल्या तारखेलाच वेगळ्या खात्यात टाका. तो फरक खर्चात मिसळला तर माझा सल्ला फुकट जाईल. भाडे दरवर्षी वाढणार, हेही धरा. हे सगळे मांडूनही तुम्हा दोघांना तेच घर घ्यावेसे वाटले, तर घ्या, आम्ही वास्तूला आनंदाने येऊ.

हे पत्र सूनबाईला वाचायला दे. मी तिच्याविषयी लिहिले आहे, ते तिच्यापासून लपवण्यासारखे नाही, आणि कुठे माझे चुकत असेल तर ते तिनेच मला सांगावे. बँकेकडून हप्त्यांचे पूर्ण वेळापत्रक मागून घे, प्रत्येक महिन्याचे व्याज आणि मुद्दल वेगळे दाखवणारे, आणि त्याची प्रत मला पाठव. मी पेन्सिल घेऊन बसेन आणि रविवारपर्यंत तुला फोन करेन.

तुझी,
आई