नऊ बाय तेराचं भांडं

चि. सोन्या,

काल रात्री साडेदहाला तुझा फोन वाजला तेव्हा आईला वाटलं, कुठे गाडीबिडी ठोकलीस की काय. आणि तू म्हणतोस, "बाबा, पीचचं कॉब्लर वरून मस्त तांबूस झालंय आणि खाली नुसती खळ आहे." मला हसू आवरलं नाही, त्याबद्दल माफ कर. घरात पाहुणे बसलेले असताना भाषण नको म्हणून "परत ओव्हनमध्ये ढकल, वर फॉइल टाक" एवढंच सांगितलं. आता निवांत लिहितो.

कॉब्लर म्हणजे शेवटी काय, फळांच्या फोडींवर पिठाचे गोळे ठेवून ओव्हनमध्ये भाजणं. त्यात तुझ्या दोन चुका झाल्या. दोन्ही मी 2009च्या जूनमध्ये करून बसलोय, तेव्हा लाजू नकोस. एक म्हणजे गार फोडींवर पीठ ठेवलंस. दुसरी, घड्याळ बघून बाहेर काढलंस.

आजी वरणफळं कशी करायची आठव. वरण खळखळ उकळायला लागल्याशिवाय एक फळ आत सोडायची नाही. गार वरणात सोडलं तर लगदा होतो. कॉब्लरचंही तेच आहे. गार फळांवर पीठ ठेवलं की वरून धग लागून ते लाल होतं आणि खालून रस पीत बसतं. म्हणून फोडी आधी एकट्याच ओव्हनमध्ये घालायच्या, 400 फॅरनहाइटला पंधराएक मिनिटं, कडेनं रस खदखदेपर्यंत. मग भांडं बाहेर काढून झटपट पिठाचे गोळे चमच्याने वर सोडायचे, मध्ये मध्ये फट ठेवून. सगळं झाकून टाकलंस तर वाफेला वाट राहत नाही. मग पुन्हा 25 ते 30 मिनिटं. खाली एक ट्रे ठेव, रस उतू जातोच, आणि जळलेली साखर ओव्हनच्या तळातून खरवडणं हा छळ आहे.

झालं की नाही हे घड्याळाला कळत नाही. कडेला बुडबुडे लवकर येतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नकोस. अगदी मधोमध, दोन गोळ्यांच्या फटीतून जाड, सावकाश फुटणारा बुडबुडा आला पाहिजे. कॉर्नस्टार्च (म्हणजे आजीचं कॉर्नफ्लॉवर) जवळजवळ उकळी फुटल्याशिवाय दाटत नाही. मधला भाग उकळला नाही तर फोडी वेगळ्या आणि पाणी वेगळं, रस मिळूनच येत नाही. शिवाय मधला एक गोळा चमच्याने उचलून पोटाखाली बघायचा. ओलसर चिकट दिसला तर आणखी पाच मिनिटं. उचललेली जागा आइस्क्रीमखाली लपते. आणि बाहेर काढल्यावर अर्धा तास हात लावायचा नाही. तेवढ्यात रस निवतो आणि दाट होतो. तुझ्या मित्रांना तेवढा धीर नसेल तर त्यांना पत्ते दे खेळायला.

आता पीठ. यावर जरा जास्त लिहिणार आहे, कारण इथेच आपल्या घरच्या सवयी आड येतात. तू लहानपणापासून कणीक मळताना बघितलीस. पाणी घालून तिंबायची, झाकून ठेवायची, पुन्हा मळायची. पोळीला तो चिवटपणा हवा असतो. इथे तो आला की घात झाला. पीठ भिजलं की हात बांधून ठेवायचे. दहा-बारा वेळा चमचा फिरवला की पुरे, कोरडं पीठ दिसेनासं होईस्तोवर. गुठळ्या राहू देत. "आणखी थोडं नीट करू" असं वाटायला लागलं की थांबायचं.

दुसरी गोष्ट मोहनाची. करंजीला किंवा शंकरपाळ्याला आपण कडकडीत मोहन घालतो, मुटका वळेपर्यंत पिठाला चोळतो, म्हणजे कण न् कण तुपाने माखतो आणि खुसखुशीत होतं. इथेही मोहनच आहे, पण थंडगार. फ्रीझरमधून काढलेलं लोणी जाड किसणीवर किसून पिठात मिसळायचं, मटाराएवढे तुकडे दिसत राहिले पाहिजेत. ओव्हनमध्ये ते तुकडे वितळतात, त्यांच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि त्या जागी पदर सुटतात. तुझ्या स्वयंपाकघरात गरम होत असेल तर पिठाचं पातेलंसुद्धा दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेव.

मापं: मैदा 2 कप, बेकिंग पावडर 1 टेबलस्पून, बेकिंग सोडा अर्धा चमचा, मीठ अर्धा चमचा, साखर पाव कप, लोणी 1 स्टिक (अर्धा कप), बटरमिल्क 1 कप. सोडा हवा कारण बटरमिल्क आंबट आहे; दोघांची गाठ पडली की लगेच वायू सुटायला लागतो, म्हणून भिजवून ठेवून फोनवर बोलत बसायचं नाही. बटरमिल्क म्हणजे आपलं ताक नव्हे. आपलं ताक पातळ. इथलं विरजलेलं दूध घट्ट असतं. ते नसेल तर पाऊण कप दही आणि पाव कप दूध फेटून घे. तू काल बदामाचं दूध घातलंस हे आईला सांगितलेलं नाही.

मैद्याचं म्हणशील तर तू गंमतशीर जागी राहतोस. 1880 ते 1930 या काळात देशातलं सगळ्यांत जास्त पीठ तुझ्या मिनियापोलिसमध्ये दळलं जायचं. पण तो उत्तरेचा कडक गहू, पावाला उत्तम. इकडे दक्षिणेत बिस्किटांसाठी, म्हणजे अशाच पिठाच्या मऊ गोळ्यांसाठी, मऊ गव्हाचं पीठ लागतं, प्रथिनं कमी असलेलं. समोरच्या आजी व्हाइट लिलीशिवाय दुसऱ्या पिठाला हात लावायच्या नाहीत. ते पीठ मूळ टेनेसीतल्या नॉक्सव्हिलचं, 1883 पासूनचं. तुझ्याकडे मिळालं नाही तर निम्मा मैदा आणि निम्मं केक फ्लॉवर घे. आणि "बिस्किट" शब्दावरून पुण्याच्या काकूला समजवायला जाऊ नकोस. मी एकदा गेलो होतो. तिने पीचवर पार्ले-जी ठेवून भाजलं, फोटोही पाठवला.

समोरच्या आजींचा विषय निघालाच आहे.

तू मित्रांना सांगताना मी ऐकलंय, "मी सात वर्षांचा असताना एका समरमध्ये माझा बाबा रोज घरी होता आणि रोज कॉब्लर करायचा." रोज नव्हे, आठवड्यातून दोनदा. आणि घरी होतो कारण मे महिन्यात माझी नोकरी गेली होती. तुला "बाबाला सुट्टी आहे" असं सांगितलं होतं, आणि ते दुरुस्त करायचं राहूनच गेलं. चौदा जणांना एकाच सकाळी एकेका खोक्यासह बाहेर काढलं. ग्रीन कार्ड आदल्या वर्षी हातात पडलं होतं म्हणून निदान बाडबिस्तरा गुंडाळावा लागला नाही. आईने दवाखान्यातलं अर्धवेळ काम पूर्णवेळ करून घेतलं. मी सकाळी अर्ज पाठवायचो. अकरा वाजता ते संपायचं. मग जॉर्जियातल्या मेकनमधलं ते ऊन आणि मी.

आजींना कसं कळलं, देव जाणे. दिवसभर दारात उभी असलेली गाडी दिसली असेल. (तू त्यांना आजी म्हणायचास, त्यांना ते खास त्यांच्यासाठी काढलेलं नाव वाटायचं, आणि आम्ही तो गैरसमज कधी मोडला नाही.) एका दुपारी काचेचं नऊ बाय तेरा इंचांचं भांडं घेऊन दारात उभ्या. वर फडकं. काही विचारलं नाही. म्हणाल्या, जास्त झालं होतं. एकट्या राहणाऱ्या बाईचं बारा माणसांचं कॉब्लर जास्त झालं होतं!

शेजारणीचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, एवढं आईला माहीत. तिने अननसाचा शिरा भरून पाठवला. चार दिवसांनी भांडं पुन्हा भरून आलं. मग पोहे गेले. मग ते पुन्हा आलं. जूनमध्ये आईच्या कामाच्या पाळ्या वाढल्या आणि भांडं भरायची जबाबदारी माझ्यावर आली. मला येत होतं काय, चहा आणि ऑम्लेट. शेवटी रिकामं भांडं घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो आणि म्हटलं, शिकवा. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आधी हात धुवायला लावले.

नोकरीबद्दल त्या घरात एकदाही बोलणं झालं नाही. पीठ जास्त ढवळलं की मात्र मनगटावर चमचा बसायचा. वितळलेल्या लोण्यावर पातळ पीठ ओतून त्यावर फळं घालायची एक पद्धत इकडे आहे. त्याला त्या नाक मुरडायच्या, तो केक झाला म्हणायच्या. माझंही आता तेच मत आहे, पण अटलांटात ते बोलायची सोय नाही.

फळांसाठी आपण फोर्ट व्हॅलीला जायचो, ते तुला आठवतच असेल. तू मागच्या सीटवर सदरा रसाने भिजवून बसायचास. त्या जिल्ह्याचं नावच पीच काउंटी, जॉर्जियातला सगळ्यांत शेवटी, 1924 साली झालेला जिल्हा. जवळच्या मार्शलव्हिलला सॅम्युअल रम्फ नावाच्या बागायतदाराने 1870च्या दशकात एल्बर्टा जातीचं पीच तयार केलं आणि बायकोचं नाव दिलं. त्याच्या जोरावर जॉर्जिया अजून गाड्यांच्या पाट्यांवर पीच मिरवते, माल मात्र कॅलिफोर्नियात आणि साऊथ कॅरोलायनात जास्त पिकतो. तिथल्या गॅफनी गावची ती पीचच्या आकाराची पाण्याची टाकी बघून तू काय म्हणाला होतास ते इथे लिहीत नाही. आपण डागी फळांची पेटी घ्यायचो, निम्म्या किमतीत. कॉब्लरला तीच बरी. मे महिन्यातल्या फळांचा गर बाठ्याला चिकटलेला असतो, सुरीने खरवडावा लागतो. जून सरता सरता बाठा सुटणारी येतात, पिळ दिला की दोन वाट्या होतात. या झाडांना हिवाळ्यात ठरावीक तास थंडी लागते. 2023 साली हिवाळा उबदार गेला आणि मार्चमध्ये मोहरावर गारठा पडला, तेव्हा जवळजवळ सगळं पीक गेलं.

तुझ्या दुकानात येणारी फळं कडक असताना तोडलेली असतात. फ्रीजमध्ये टाकू नकोस, पिठूळ होतात. कागदी पिशवीत दोन-तीन दिवस ठेव, वास सुटला की घे. नऊ बाय तेराला 4 पौंड, म्हणजे डझनभर लागतील. उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट टाकून लगेच बर्फाच्या पाण्यात टाक, साल बोटाने निघते. साखर अर्धा कप, फळं आंबट निघाली तर थोडी जास्त. कॉर्नस्टार्च 3 टेबलस्पून, लिंबाचा रस 2 टेबलस्पून, चिमूटभर मीठ. आजी दालचिनी घालायच्या, मी जायफळ घालतो. त्यांनी एकदा चव घेऊन विचारलं, हे काय. म्हटलं, आमच्याकडे श्रीखंडात जातं. पुढच्या वेळी त्यांच्या कॉब्लरमध्ये जायफळ होतं, पण त्याचं श्रेय मला मिळालं नाही.

हापूसच्या डब्याचा प्रयोग करू नकोस. मी केलाय. रस घट्ट झालाच नाही, आणि आई त्याला अजून "टोपीवालं आमरसाचं डबकं" म्हणते.

ऑक्टोबरमध्ये अटलांटातली नोकरी लागली आणि आपण निघालो. ट्रक भरत असताना आजी आल्या, भांडं घेऊन, भरलेलं. शिरस्त्याप्रमाणे मी म्हटलं, धुऊन आणून देतो. म्हणाल्या, आता लांब पडेल, ठेवा. चर्चच्या जेवणावळीत भांडी अदलाबदल होऊ नयेत म्हणून त्यांनी तळाला चिकटपट्टीवर नाव लिहिलं होतं. तेच भांडं गेल्या वर्षी तुझ्या सामानात आईने टॉवेलात गुंडाळून घातलं आणि तू "जुनं कशाला" म्हणून कुरकुरलास.

तर काल ज्यात खळ झाली ते हे भांडं. फ्रीजमधून काढून थेट तापल्या ओव्हनमध्ये घालू नकोस, काच तडकेल. डिशवॉशरमध्येही नको, हातानेच धू, आणि तळाकडून जपून. पट्टीवरची अक्षरं आधीच निम्मी उडाली आहेत.

बाबा

ता. क. तुझ्या वरच्या मजल्यावरच्या बाईंनी इडल्या दिल्या होत्या म्हणालास, त्यांचा डबा अजून तुझ्याकडेच आहे का?