‘निदान’ म्हणण्याआधी

तीर्थरूप आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोन ठेवला तेव्हा तुझ्यावर चिडले होते, खोटं कशाला सांगू. धाकटी पोटातलं बाळ गेलं म्हणून रडत होती आणि तू म्हणालीस, "दोनच तर महिने झाले होते. लोकांची भरल्या दिवसांची जातात." ती एकदम गप्प झाली. तुला वाटलं असेल, सावरली.

राग ओसरल्यावर आठवलं, आदल्याच दिवशी मीही तिला "निदान लवकर तरी झालं" म्हणून मोकळी झाले होते. डॉक्टरांचं निदान म्हणजे दुखणं ओळखणं. आपलं ‘निदान’ नेमकं उलटं.

बाबा गेले तेव्हा मी इथेच अडकले होते. "वय झालं होतं", "हाल न होता गेले", सगळ्यांनी समजूत घातली. ऑफिसातल्या एका बाईंनी तेवढं विचारलं, "शेवटचं बोलणं कधी झालं?" मग तो चार मिनिटांचा फोन त्यांना सांगितला, मीटिंग आहे म्हणून मी घाईत ठेवलेला. तुलाही कधी सांगितला नव्हता. त्यांनी काही समजावलं नाही. त्या रात्री मला झोप लागली.

ज्या दुःखाला लोक दुःख म्हणूनच धरत नाहीत, त्याबद्दल केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने 1989 मध्ये लिहिलं होतं. माणूस दुःखाने पिचतो, वर त्याला ते लपवावंही लागतं. धाकटीचं तेच चाललंय. ज्याला कोणी पाहिलंच नाही, त्याच्यासाठी कुणासमोर रडणार?

तिच्या डोक्यात बसलंय की जड उचललं म्हणून झालं. तसं नाही, हे तिला सांगायला हवंच. दिवस गेल्याचं कळलेल्या शंभर जणींपैकी 10 ते 20 जणींचा गर्भ टिकत नाही, आणि सुरुवातीच्या महिन्यांत निम्म्या किंवा त्याहून जास्त वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. याने तिचा अपराधीपणा कमी होईल, दुःख नाही. म्हणून आधी ऐकायचं, आकडे नंतर. आणि तिचं दुःख खरं मानलं म्हणजे ‘माझंच चुकलं’ हेही मानलं, असं थोडंच आहे? "कुरवाळलं की वाढतं," असं तू म्हणतेस. मला तरी दाबलेलंच जास्त दिवस पुरलं.

आता एक विचारते, रागावू नकोस. दादाच्या आणि माझ्या मध्ये एक होतं ना? मावशी एकदा बोलता बोलता बोलून गेली होती. तिसऱ्या दिवशी तू कामाला लागलीस, एवढंच ती म्हणाली, कौतुकाने. तेव्हा तुला कोणी काही विचारलं होतं का गं?

रविवारी सकाळी फोन करते. धाकटीला नंतर करीन. आधी तुला.

तुझी,
मोठी