याकोबाच्या पत्राबरोबर एक महिना

प्रिय मित्रा,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र मिळालं. पहाटे उठून रोज तीन अध्याय वाचतोस, पेन्सिलीने खुणा करतोस, आणि संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की तोच चढलेला आवाज, तीच आदळआपट. 'वचन माझ्यात उतरतच नाही' हे तुझं वाक्य मी दोनदा वाचलं. तुझ्या विश्वासात खोट आहे असं मला मुळीच वाटत नाही. वाचायची पद्धत चुकते आहे, आणि ती सुधारता येते.

आधी तो वर्षभरात शास्त्र संपवायचा तक्ता बाजूला ठेव. आपल्या पवित्र शास्त्रात 66 पुस्तकं आणि 1189 अध्याय; वर्षात संपवायचे तर दिवसाला सव्वातीन पडतात. उत्पत्ती आणि निर्गम झपाट्याने होतात, जानेवारीच्या शेवटी लेवीय लागतं, होमबली आणि कोडाचे नियम सुरू होतात, आणि बहुतेकांची गाडी तिथेच अडते. मग राहिलेले अध्याय भरून काढायची घाई होते आणि डोळे नुसते ओळींवरून फिरतात. सगळं शास्त्र सलग वाचायलाच हवं, पण तो वेगळा अभ्यास झाला. स्वभावाला वळण लावायचं तर थोडं घ्यावं आणि तेच पुन्हा पुन्हा तोंडात घोळवावं. पहिल्या स्तोत्रात रात्रंदिवस मनन करणारा मनुष्य येतो ना, तिथला मूळ हिब्रू शब्द 'हागा' म्हणजे हलक्या आवाजात पुटपुटणं. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात सिंह शिकारीवर गुरगुरतो तिथे हाच शब्द आहे, आणि पारव्यासारखं घुमणं तिथेही हाच. म्हणजे मनन हे ओठांचं आणि घशाचंही काम आहे. म्हणून माझी पहिली विनंती अशी की मनातल्या मनात वाचू नकोस, आवाज काढून वाच.

आणि वाचायला नव्या करारातलं याकोबाचं पत्र घे. पाच अध्याय, सगळी मिळून 108 वचनं. धर्मसुधारक मार्टिन लूथरने 1522 मध्ये त्याला 'गवताचं पत्र' म्हटलं होतं, कारण त्यात कृपेपेक्षा कृत्यांवर भर आहे असं त्याला वाटलं. मला ते पटत नाही. याकोब जिभेबद्दल, रागाबद्दल, मजुरीबद्दल, बसायच्या जागेबद्दल बोलतो, आणि तुझी अडचण नेमकी तिथेच आहे.

पहिला आठवडा रोज अख्खं पत्र मोठ्याने वाच. पंधरा-वीस मिनिटं लागतात. या आठवड्यात खुणा नकोत, टिपणं नकोत. चौथ्या-पाचव्या दिवशी तुझ्या लक्षात येईल की पहिल्या अध्यायात जीभ आवरायचं नुसतं एका वाक्यात आलंय आणि तिसऱ्यात त्याचा सबंध उलगडा आहे. परीक्षेत धीर धरण्याने पत्र उघडतं आणि पाचव्यात शेतकऱ्याच्या धीरावर येतं. एकेक वचन सुटं उचललं की हे धागे हाती लागत नाहीत.

दुसऱ्या आठवड्यापासून दिवसाला पाच-सहा वचनं पुरेत. पहिल्या अध्यायातला तो आरसा बघ. वचन ऐकून न पाळणारा माणूस आरशात तोंड पाहतो आणि लगेच आपण कसे होतो ते विसरतो. त्या काळचा आरसा आपल्यासारखा काचेचा नव्हता. घासून चकचकीत केलेला धातूचा पत्रा असायचा, त्यात चेहरा धूसर दिसायचा. नीट पाहायचं तर जवळ जाऊन न्याहाळावं लागे. पुढच्याच वचनात नियमशास्त्रात 'निरखून पाहणं' येतं, तिथला ग्रीक शब्द वाकून आत डोकावण्याचा आहे. योहानाच्या 20 व्या अध्यायात शिष्य येशूच्या कबरेत ओणवून बघतो आणि मग्दालीया मरीया रडत रडत वाकून आत पाहते, तिथे हेच क्रियापद आहे. इतक्या ओढीने, कंबरेत वाकून वचनाकडे बघ असं याकोब सांगतो. जाता जाता घातलेली नजर त्याला चालत नाही.

आता वही. दोनशे पानी साधी वही पुरे. रोज तीन ओळी लिही, जास्त नाही. पहिली ओळ: हे कोणाला आणि कशाबद्दल लिहिलंय. दुसरी: यात करायला किंवा थांबवायला काय सांगितलंय. तिसरी: आज ते कधी, कुठे आणि कोणासमोर करायची वेळ येणार. तिसरी ओळ लिहिताना सगळे घसरतात. 'मी शांत राहीन', 'जास्त प्रेम करीन' असं लिहून वही मिटतात. अशा वाक्याला वेळ नाही, जागा नाही, माणूस नाही. संध्याकाळी ते आठवणार कसं? ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश, रागाला मंद हे पहिल्या अध्यायातलं एकोणिसावं वचन घे. तू तिसरी ओळ अशी लिही: 'साडेसातला दार उघडल्यावर चप्पल काढून, हातपाय धुऊन, पहिली दहा मिनिटं घरच्यांचं ऐकणार, हिशेब, शाळेचा अभ्यास, गॅसचं बुकिंग यांतलं काही काढणार नाही.' क्रम बघ, आधी ऐकणं आहे. बहुतेक जण राग आवरायला जातात, आणि तोवर वाफ कोंडलेली असते. राग मंद होतो तो ऐकण्याच्या पायरीवर.

यात प्रेषित पौलाने इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात दिलेली एक रीत फार उपयोगी पडते. जुनं काढून टाकायला तो सांगतो, आणि त्या जागी काय घालायचं तेही सांगतो. लबाडी सोडा, शेजाऱ्याशी खरं बोला. चोरी करणाऱ्याने चोरी सोडावी एवढ्यावर तो थांबत नाही; त्याने स्वतःच्या हातांनी कष्ट करावेत, तेही गरजवंताला देता यावं म्हणून. तोंडातून घाणेरडं भाषण निघू नये, गरजेप्रमाणे ऐकणाऱ्याची उभारणी होईल असं निघावं. तेव्हा 'ओरडणार नाही' एवढंच लिहिलंस तर ती जागा रिकामी राहील, आणि रिकाम्या जागेत जुनी सवय परत येऊन बसते. ओरडण्याच्या जागी काय, ते लिही: मुलाला नावाने हाक मारून एक प्रश्न विचारायचा आणि त्याचं उत्तर पुरं होऊ द्यायचं.

रात्री हिशेब. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळीत हा प्रकार फारसा कोणी शिकवत नाही, कारण तो कॅथलिक परंपरेतला आहे. पण उपयोगाचा आहे. जेझुइट संघ स्थापणाऱ्या लोयोलाच्या इग्नेशियसची साधना 1548 मध्ये छापली गेली, तिच्यात एकाच दोषावर लक्ष ठेवायची रीत आहे. सकाळी उठताच तो एक दोष आठवायचा. दिवसभरात पाय घसरला की त्याच क्षणी छातीला हात लावायचा. चारचौघांत असलो तरी कोणाच्या लक्षात येत नाही. वहीत प्रत्येक दिवसासाठी दोन रेघा. दुपारच्या जेवणानंतर वरच्या रेघेवर सकाळपासून जितक्या वेळा चुकलो तितके ठिपके, रात्री खालच्या रेघेवर तसेच. मग वरची रेघ खालच्या रेघेशी, आज कालशी, हा आठवडा मागच्याशी ताडून बघायचा. दोष मात्र एकच धर. एका दमात राग, आळस, मोबाईल, सगळं धरलंस तर तिसऱ्या दिवशी वही बंद पडेल. तुझ्यासाठी पहिले तीन आठवडे चढलेला आवाज, बाकी काही नाही. ठिपके मांडायला लागलास की पहिल्या आठवड्यात ते वाढल्यासारखे दिसतील; घाबरू नकोस, आधी ते मोजलेच जात नव्हते.

इथे एक मोठा धोका आहे, तो नीट सांगतो. ठिपके कमी झाले की माणूस मनात फुगतो, वाढले की 'माझं तारण झालंय का' इथपर्यंत जातो. दोन्हीकडे ठिपके ख्रिस्ताच्या जागी येऊन बसतात. रात्री वही उघडल्यावर आधी दिवसातल्या एका गोष्टीबद्दल आभार मान, मग ठिपके बघ, आणि मग योहानाच्या पहिल्या पत्रातलं पहिल्या अध्यायाचं नववं वचन मोठ्याने म्हण: पापं कबूल केली तर तो विश्वासू आणि न्यायी आहे, क्षमा करतो. मग वही मीट आणि झोप. रात्री अकरानंतर स्वतःची उलटतपासणी करत बसू नकोस. त्यातून पश्चात्ताप निघत नाही, नुसती झोप जाते. जीभ कोणाही माणसाला वश करता येत नाही असं याकोब तिसऱ्या अध्यायात साफ म्हणतो, आणि चौथ्यात म्हणतो की देव अधिक कृपा देतो. ही दोन वचनं वहीच्या पहिल्या पानावर समोरासमोर लिही.

तुझ्या भिंतीवरच्या वर्षाच्या वचनाबद्दलही लिहायचंय. यिर्मया 29:11 (अध्याय 29, वचन 11), हिताचे संकल्प. फार गोड वचन आहे, पण आदलं दहावं वचन त्या फ्रेममध्ये नाही. हे यिर्मयाचं पत्र बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये, धरून नेलेल्यांना गेलं होतं, आणि दहाव्या वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे. त्याआधी घरं बांधा, बागा लावा, ज्या नगरात नेलंय त्याच्या हितासाठी प्रार्थना करा असं सांगितलंय. बदली रद्द होईल असा अर्थ तू त्यातून काढत होतास. तिथल्या तिथे मुळं धर, असा त्याचा रोख आहे. फिलिप्पैकरांस 4:13 चंही तसंच. 'मी सर्व काही करायला शक्तिमान आहे' हे परीक्षेच्या पॅडवर चिकटवतात, पण पौल बंदिवासातून उपासमार आणि विपुलता दोन्हींत निभावण्याबद्दल लिहितोय. कुठलंही वचन पाठ करण्याआधी त्याच्या वरची दहा आणि खालची दहा वाच. एवढी सवय लागली तरी निम्मी निराशा टळेल, कारण देवाने न दिलेली वचनं आपण त्याच्या नावावर घालतो आणि मग त्याच्यावरच रुसतो.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पैशाचा भाग येईल. पाचव्या अध्यायात शेत कापणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते. लेवीय 19:13 त्याच्याशेजारी ठेव: मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये. आपल्याकडे शेत नसलं तरी घरकामाला मावशी येतात. त्यांचा पगार एक तारखेला, त्यांनी न मागता हातात पडायला हवा. 'सुट्टे नाहीत, उद्या घ्या' हे याच वचनात येतं. दुसऱ्या अध्यायातली सोन्याच्या अंगठीवाल्याला दिलेली जागाही आपल्या चर्चमध्ये शोध: मोटारीतून उतरणाऱ्याला कोण उठून खुर्ची देतं, आणि मळक्या शर्टातल्याला मागच्या बाकाकडे कोण हात दाखवतं.

आता तुझ्या भावाचं. इतकी वर्षं अबोला आहे, म्हणून हे सगळ्यात शेवटी, आणि सावकाश. मत्तय 5:23 नीट वाच. वेदीजवळ दान आणताना आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव आणि आधी जा. तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध काय आहे, हा प्रश्नच तिथे नाही. आणि हे ऐकणारे गालीलातले होते. त्यांना यरुशलेमची वेदी म्हणजे तीनेक दिवसांची पायपीट. तिथून परत जा म्हणणं काही सोपं नव्हतं.

कसं जायचं? मत्तय 18 मध्ये पहिली भेट दोघांचीच, एकांतात. म्हणून आधी कोणाला मध्यस्थ घालू नकोस, कुटुंबाच्या ग्रुपवर काही लिहू नकोस. फोन करून फक्त भेटीची वेळ ठरव. पहिल्या भेटीत घराच्या वाटणीचा विषय काढायचा नाही; तो काढलास की माफी सौदा वाटते. तुझी जी चूक आहे तेवढीच सांग, ठरावीक शब्दांत: 'आईच्या स्मरणाच्या उपासनेला मी सगळ्यांदेखत तुला बोललो, ते चुकलं.' त्यापुढे 'पण' आला की वाक्य फुकट गेलं. वचन ऐकवू नकोस. तो गप्प राहिला किंवा उठून गेला तरी तुझ्या वाट्याचं झालं. रोमकरांस 12:18 'साधेल तर, तुमच्याकडून होईल तितकं' अशीच अट घालतं. आणि परत आल्यावर मंडळीत 'प्रार्थनेचा विषय' म्हणून त्याचं नाव घेऊ नकोस. पुष्कळ चहाडी आपल्यात या दोन शब्दांच्या पदराखाली फिरते, आणि याकोब 4:11 तिच्याचबद्दल आहे.

लगेच काही बदललेलं दिसणार नाही. पाचव्या अध्यायातला शेतकरी पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट पाहतो. आपल्याला वाचताना मृग आणि परतीचा पाऊस आठवतो, पण याकोबाच्या देशातला पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात येऊन कडक झालेली जमीन नांगरण्याजोगी करतो आणि शेवटचा मार्च-एप्रिलात दाणा भरतो. मध्ये चार-पाच महिने जातात. तुझ्या भावाकडचा पहिला पाऊस अजून पडायचाय.

तुझा,
मित्र

ता. क. अडलेल्या वचनासाठी दुसरं भाषांतर शेजारी ठेव. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं मराठी शास्त्र त्यांच्या मृत्यूनंतर 1924 मध्ये पूर्ण छापून झालं; साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून त्यांनी संस्कृत वळणाचे शब्द टाळायची धडपड केली होती. याकोब 5:16 एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगतो, तर त्यासाठी एकच माणूस धर, पुरुषाने पुरुषच. मला धरलंस तर दर रविवारी उपासनेनंतर फोन कर, वही हाताशी ठेवून. ठिपके किती ते आधी सांग, बाकीचं मग बोलू.