बाबांच्या गोळ्या

मंगळवार पेठ, कोल्हापूर

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, बाबांच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत ना. मी हो म्हणाले, कारण मलाही तसंच वाटत होतं. काल डबा पुसायला घेतला आणि बीपीचं पाकीट हातात आलं. पंधरा गोळ्यांचं पाकीट, आणून बरोबर पंधरा दिवस झालेले, आणि आत सात गोळ्या तशाच. विचारलं तर खाली बघून म्हणाले, "एक दिवसाआड घेतोय. पोरीवर किती भार टाकायचा?"

माझ्या हातापायातलं बळच गेलं गं. बीपी वाढलेलं माणसाला कळतसुद्धा नाही, कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. संध्याकाळीच डॉक्टरांकडे नेलं. १७०/१०० निघालं.

डॉक्टरांना खर्चाचं मोकळेपणानं सांगितलं. आधीच सांगायला हवं होतं, उगाच संकोच केला. त्यांनी चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं नाव लिहून दिलं : बीपीचं टेल्मिसार्टन ४०, शुगरचं मेटफॉर्मिन ५००, कोलेस्टेरॉलचं ॲटोर्व्हास्टॅटिन १०. ती घेऊन जनऔषधी केंद्रात, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानात गेले. घरी येऊन जुनं आणि नवं पाकीट खिडकीपाशी उजेडात धरलं, चष्मा लावून ठळक नावाखालची बारीक अक्षरं वाचली. औषध तेच, मिलिग्रॅमही तेवढेच. महिन्याला चौदाशेच्या घरात जाणारं बिल साडेचारशेवर आलं. मात्र बदल डॉक्टरांना विचारूनच करायचा, आपल्या मनानं नाही.

तिथं एखादं औषध कधी शिल्लक नसतं. म्हणून आठ दिवसांच्या गोळ्या उरल्या की जायचं, असं ठरवलंय. कॅलेंडरवर त्या तारखेला गोल केलाय. चिठ्ठीवर "३ महिने" लिहून घेतलंय, म्हणजे दुकानदार जुनी चिठ्ठी म्हणून परत पाठवणार नाही, आणि तीन महिन्यांनी तपासणीही होईल. महापालिकेच्या दवाखान्यात बीपी-शुगरच्या गोळ्या मोफत मिळतात, तेही मनात ठेवलंय. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं तू म्हणत होतीस, पण ती दवाखान्यात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी. रोजच्या गोळ्यांना तिचा उपयोग नाही.

आणखी एक. आम्ही दोघं साठीच्या पुढचे, मेडिक्लेम नाही. आमच्या औषधांचा खर्च तू केलास तर प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट तुला करपात्र उत्पन्नातून मिळते, पण पैसे रोख दिलेले चालत नाहीत. म्हणून पुढच्या वेळी दुकानातून तुला फोन लावीन, तू तिथूनच ऑनलाइन भर. बिलं मी फाईलला लावते.

रविवारी फोन करशील तेव्हा आधी बाबांशी बोल. त्यांच्या गोळ्यांचा तुला भार होत नाही, हे त्यांना तुझ्या तोंडून ऐकू दे. मी दहा वेळा सांगितलं, त्यांना पटत नाही. मी तुला कळवलंय हे सांगितलंस तरी चालेल.

आज सकाळची गोळी माझ्यासमोर घेतली.

तुझी,
आई