माळवद आणि धसका

छत्रपती संभाजीनगर,
१८ सप्टेंबर

ती. माय आणि बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोन रोज होतो, पण हे काही फोनवर बोलता येईना. बाबा, सावकाश वाचा आणि मायला मोठ्यानं वाचून दाखवा.

पोळ्याला आले तेव्हा तुम्ही विचारलंत, "मानसशास्त्र शिकू लालीस ते कळलं. पण त्याच्या जोडीला हा मराठवाड्याच्या संस्कृतीचा विषय कशाला? आपलं रोजचं जगणं विद्यापीठात जाऊन काय शिकायचं?" तेव्हा मी गप्प बसले. उत्तर माझ्याजवळ होतं, पण ते तुमच्याबद्दलच होतं. तुमच्यासमोर बोलायला जीभ उचलेना.

मोठ्या आघातानंतर माणसाच्या मनाचं काय होतं, हा धडा आम्हाला होता. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी १९८० साली या दुखण्याला आपल्या ग्रंथात स्वतंत्र नाव दिलं. व्हिएतनामच्या लढाईवरून परतलेल्या सैनिकांच्या हालांचा त्यामागे मोठा वाटा होता. मॅडम लक्षणं सांगत होत्या आणि मी लिहून घेत होते. झोप मोडते. आवाजानं दचकायला होतं. जिथं घडलं तिथं पाऊल टाकवत नाही. तिथं माझा पेन थांबला.

बाबा, ट्रॅक्टरची ट्रॉली धाडकन आदळली की तुम्ही हातातला घास ताटात ठेवून उभे राहता. औशाला जायला भूकंपात पडलेल्या आपल्या जुन्या गावावरून जवळ पडतं, तरी तुम्ही फेर घालून जाता. थंडी असो, वारा असो, तुमची बाज अंगणातच. पाऊस आला तर पत्र्याच्या शेडात, पण स्लॅबखाली नाही. मी नव्या गावात जन्मले. आमच्या ओळीत बरेच जण बाहेरच झोपायचे, त्यामुळे सगळ्यांचेच बाबा असे झोपतात असं मला कितीतरी वर्षं वाटायचं.

पुस्तकात हे दुखणं एका माणसाचं आहे, आपल्याकडे ते अख्ख्या गावाचं आहे. त्याचं नाव गावात कुणाला ठाऊक नाही. पण माय, तू शेजारणीला सांगायचीस, "त्यांनी धसका घेतलाय." हा शब्द मी वर्गात सांगितला. 'घेतला' म्हणजे भीती बाहेरून आली आणि माणसानं ती आत ठेवून घेतली. मॅडमनी तो फळ्यावर लिहिला. मला भरून आलं.

मनाची तपासणी करायच्या प्रश्नावल्या बहुतेक परदेशात तयार होतात आणि मग त्यांचं मराठी होतं. 'तुम्हाला नैराश्य जाणवतं का?' असं तुला विचारलं, माय, तर तू नाही म्हणशील. जिवाला घोर लागलाय का, अन्न गोड लागतं का, असं विचारलं तर पदर डोळ्याला लावशील. कॅनडातल्या तीन मानसशास्त्रज्ञांनी २०१० साली दाखवून दिलं, की माणसाच्या मनाबद्दलचे बरेचसे प्रयोग पाश्चात्त्य, शिकलेल्या, सुखवस्तू समाजांतल्या लोकांवरच झालेत. आपल्यासारख्यांना विचारायचं तर आधी आपली बोली यायला हवी, घर कसं होतं ते कळायला हवं. म्हणून हा दुसरा विषय, बाबा.

घराचं म्हणाल तर मी माळवदावरच निबंध लिहिला. दगड-मातीच्या जाड भिंती, खणाखणानं मोजलेलं घर, लाकडी तुळयांवर मातीचा थर. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी वरून पांढरी माती टाकायची. असं करत छत पिढ्यानपिढ्या जड होत गेलं. याच माळवदानं उन्हाळ्यात गारवा दिला, रात्री वर झोपायला जागा दिली. आणि १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला आणि तेच अंगावर आलं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक नुकते कुठं निजले होते. हे सगळं लिहिताना आजी आणि अक्का डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. दोघींना मी पाहिलंही नाही, एक फोटोसुद्धा उरला नाही.

पुढं ५२ गावं नव्या जागी वसवली. आपल्याला अडीचशे चौरस फुटांचं घर मिळालं. ते पक्कं आहे, त्यासाठी ज्यांनी हात लावला त्यांचे उपकारच आहेत. पण सरळ रेघेतल्या त्या ओळींत वेस नव्हती, पार नव्हता, ओसरीवरून ओसरीला हाक जात नव्हती. हॅरॉल्ड प्रोशान्स्की नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं मांडलंय, की माणसाची 'मी कोण' ही जाणीव जागेशीही बांधलेली असते. ते वाचलं तेव्हा माय, तुझ्या ओव्या आठवल्या. लग्नाची हळद दळताना जात्यावर तू अजून जुन्या गावाची वेस गातेस, तिथला मारुती गातेस. नवं गाव तुझ्या ओवीत आलेलं मी कधी ऐकलं नाही. पुढच्या वेळी गाशील तेव्हा मला ते सगळं लिहून घ्यायचंय.

काल इथं मुक्तिदिनाचं झेंडावंदन झालं. १९४८ साली निजामाचं राज्य गेलं, ते आजोबा रंगून सांगायचे. शाळेत उर्दूत शिकलेले आजोबा सही उर्दूतच करायचे, तेही सांगायचे. भूकंपाचं मात्र आपल्या घरात कुणीच काही सांगितलं नाही. मी कधी विचारलंही नाही, याचं आता वाईट वाटतं.

बाबा, मी डॉक्टरकी करायला येत नाही. तुम्हाला बोलावंसं वाटलं तर बोला, नाही वाटलं तर नका बोलू. कधी झोपेसाठी कुणाला दाखवावं असं वाटलं, तर मी सोबत येईन, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

२९ तारखेच्या संध्याकाळच्या एस.टी.नं मी येतेय. त्या रात्री तुम्ही जागे असता, हे मला लहानपणापासून माहीत आहे. डोळे मिटून मी तुमचा खोकला ऐकत पडलेली असायचे. यंदा माझं अंथरूण तुमच्या बाजेशेजारी अंगणात टाका. आणि उजाडल्यावर, पाय उचलला तर, मला जुन्या गावात घेऊन चला. आपलं दार कुठल्या तोंडाचं होतं, तेवढं दाखवा.

माय, गुडघ्याचं तेल घेऊन येतेय.

तुमची
धाकटी