ज्येष्ठांची तपासणी : रविवारी सकाळी १० वाजता

सभासदहो,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता आपल्या सभागृहात परिचारिका ताई ६० वर्षांवरील सभासदांना तपासतील. रक्तदाब आधी आडवं असताना, मग उभं राहिल्यावर १ आणि ३ मिनिटांनी मोजतील. उभं राहताच वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला, तर चक्कर येऊन पडण्याची भीती असते. म्हणून उठताना घाई करू नका.

– चालू असलेली सगळी औषधं पिशवीत आणा, झोपेच्या गोळ्यासुद्धा. नुसती यादी नको.
– रोजची चप्पलच घालून या. तळ झिजलाय का, ते बघायचं आहे.
– सकाळच्या गोळ्या चुकवू नका.

घरी कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर सांभाळणाऱ्यानं जरूर यावं. पडून पडून जखमा होऊ नयेत म्हणून कूस कशी बदलायची, टाचा आणि माकडहाडाजवळची कातडी रोज कशी पाहायची, हे करून दाखवणार आहोत.

नावं शुक्रवारपर्यंत चिटणीसांकडे द्या.