अ‍ॅल्युमिनाचा दाणा आणि लिटरमागे काही मिलिग्रॅम

संपादक महोदय,

अ‍ॅल्युमिनियम उद्योगाविषयी वृत्तपत्रांतून जे छापून येते त्यात खाणी, विजेचा खर्च आणि लाल गाळ यांची चर्चा असते, आणि ती असायलाच हवी. परंतु बॉक्साइट हे खनिज आणि धातू यांच्यामध्ये अ‍ॅल्युमिना, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे ऑक्साइड, शुद्ध करण्याचा जो प्रवास आहे, त्यातला सर्वांत नाजूक टप्पा स्फटिकीकरणाचा, आणि त्याबद्दल मराठीत जवळजवळ काहीच लिहिले जात नाही. एका अ‍ॅल्युमिना कारखान्याच्या प्रयोगशाळेत उमेदीची वर्षे काढलेला माणूस म्हणून या टप्प्यावर वापरल्या जाणाऱ्या रासायनिक पूरकांविषयी, ज्यांना कारखान्यात सगळे ‘सीजीएम’ (क्रिस्टल ग्रोथ मॉडिफायर, म्हणजे दाण्याच्या वाढीला वळण लावणारे पूरक) म्हणतात, काही गोष्टी मांडाव्यात असे वाटते.

बॉक्साइट गरम कॉस्टिक सोड्यात विरघळवून, लाल गाळ वेगळा करून जो निवळ द्राव उरतो त्याला लिकर म्हणतात. तो नुसता थंड केला तर त्यातले अ‍ॅल्युमिना लवकर खाली बसत नाही. कार्ल जोसेफ बायर या रसायनशास्त्रज्ञाला १८८७ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे, कापड रंगवण्याच्या धंद्याला रंगबंधक म्हणून लागणारे अ‍ॅल्युमिना तयार करताना, असे आढळले की आधीच्या हायड्रेटचे, म्हणजे पाणी धरून असलेल्या अ‍ॅल्युमिनाचे, दाणे सीड (बीज) म्हणून टाकले की लिकरमधले हायड्रेट त्यांच्यावर चढत जाते. आजही जगभर हेच चालते. उंच टाक्यांत तीस-चाळीस तास, सुमारे ७५ अंशांपासून ५५ अंशांपर्यंत हळूहळू थंड होत हे काम होते, आणि एवढे करूनही विरघळलेल्यापैकी साधारण निम्मेच हाती लागते. कढवलेले तूप सावकाश निवले तर रवाळ होते आणि घाईने थंड केले तर रवा धरत नाही, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. लिकरचेही तसेच आहे. थंड करण्याची घाई केली की उत्पादन वाढते, पण दाण्याचा भुगा होतो.

हा भुगा कोणालाच नको असतो. अ‍ॅल्युमिनियम वितळवणारे कारखाने ४५ मायक्रॉनखालचा भाग सर्वसाधारणपणे दहा टक्क्यांच्या आत मागतात, कारण बारीक अ‍ॅल्युमिना धुळीसारखे उडते, नीट वाहत नाही आणि भट्टीच्या कुंडात विरघळण्याऐवजी तळाशी साचते. भुगा होण्याचे एक मोठे कारण म्हणजे ऑक्सलेट. बॉक्साइटबरोबर आलेला पालापाचोळ्याचा, मुळांचा सेंद्रिय अंश कॉस्टिकमध्ये तुटून सोडियम ऑक्सलेट बनतो आणि अवेळी खाली आला तर त्याच्या बारीक सुया सगळीकडे पसरतात. आमच्याकडे एका पावसाळ्यात रात्रपाळीला आलेला नमुना मला अजून आठवतो. एरवी बोटांत चोळल्यावर वाळूसारखा करकरणारा हायड्रेट त्या रात्री मैद्यासारखा लागला, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दाण्यांभोवती त्या पांढऱ्या सुयांचे जाळे दिसले. ती घडी पुन्हा बसवायला आम्हाला कित्येक आठवडे लागले.

सीजीएम कामी येते ते इथे. बहुधा ते स्निग्धाम्ल आणि खनिज तेल यांचे मिश्रण असते आणि लिकरच्या लिटरमागे अवघे काही मिलिग्रॅम टाकले जाते. त्याने बारीक कण एकमेकांना धरून मोठे दाणे बनतात आणि ऑक्सलेटचा उपद्रव कमी होतो, त्यामुळे दाणा न बिघडवता लिकर अधिक थंड करण्याची मुभा मिळते. याचा अर्थ हिशेबात पाहावा. एका लिटरमधून ७५ ग्रॅमऐवजी ८० ग्रॅम अ‍ॅल्युमिना निघाले, तर एका टनासाठी फिरवावे लागणारे लिकर १३.३ घनमीटरवरून १२.५ घनमीटरवर येते. टनामागे आठशे लिटरहून अधिक कॉस्टिक द्राव पुन्हा तापवावा, उकळून दाट करावा लागत नाही. तेवढी वाफ वाचते, तेवढा कोळसा वाचतो.

तरीही माझा आग्रह सावधपणाचा आहे. पूरक टाकले म्हणून ऑक्सलेट नाहीसे होत नाही. ते लिकरमध्ये साठतच राहते, आणि ते बाहेर काढण्याची यंत्रणा दुर्लक्षित ठेवून केवळ मात्रा वाढवत जाणे म्हणजे ताप उतरवणाऱ्या गोळ्यांवर महिनोन्‌महिने काढण्यासारखे आहे. मात्रा जास्त झाली तर दाणे फार जाड होतात, सीडचा एकूण पृष्ठभाग घटतो आणि ज्या उत्पादनासाठी खटाटोप केला तेच खाली येते. शिवाय सीड पुन्हा पुन्हा त्याच चक्रात फिरत असल्याने परिणाम दिसायला आठवडे जातात. आठ दिवसांच्या चाचणीवरून खरेदीचा निर्णय घेणे मला कधीच पटले नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात सह्याद्रीच्या सड्यांवर बॉक्साइट आहे, बेळगावला अ‍ॅल्युमिना कारखाना आहे, आणि नागपूरला जवाहरलाल नेहरू अ‍ॅल्युमिनियम संशोधन केंद्र आहे. बॉक्साइट बदलले की सेंद्रिय अंश बदलतो आणि एका लिकरला मानवलेले पूरक दुसऱ्याला मानवेलच असे नाही. म्हणून माझी विनंती अशी की, देशातील वेगवेगळ्या कारखान्यांच्या लिकरवर या पूरकांच्या तुलनात्मक चाचण्या नागपूरच्या केंद्राने हाती घ्याव्यात, त्यांत कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील आणि मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतील विद्यार्थ्यांना सामील करावे आणि निष्कर्ष सर्वांसाठी खुले ठेवावेत. कारखान्यांनी त्यासाठी आपले मिश्रण उघड करण्याची गरज नाही. सीडच्या मापाच्या आणि ऑक्सलेटच्या रोजच्या नोंदी तेवढ्या द्याव्यात. त्या नोंदी प्रत्येक पाळीत लिहिल्या जातात आणि वर्ष सरले की कपाटात जातात.

आपला,
एक निवृत्त रसायनतज्ज्ञ, कोल्हापूर